शेवंतीच्या आणि माझ्या बाई

वडणगे, कोल्हापूर
१८ नोव्हेंबर २०२४

ती. आक्कास,
धाकट्या बहिणीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं दिवाळीचं पत्र मिळालं, आणि सोबत माझं मागचं पत्रही, लाल शाईने तपासलेलं! तुझे कान गेल्यापासून फोनचा उपयोग नाही आणि व्हॉट्सॲपला तू पत्र मानत नाहीस, म्हणून लोकांचे दात काढून दमलेली ही बाई दुपारी दवाखाना मिटून तुला कागदावर लिहिते, आणि तू तिचेच ऱ्हस्व-दीर्घ काढतेस. निवृत्त होऊनही तुझी शाळा काही सुटत नाही. तरी ते पत्र मी जपून ठेवलंय, उगीच खोटं कशाला बोलू.

आता बातमी, आणि ती चांगली नाही. आबा न्हाणीत घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, डॉक्टर म्हणतात आता चालायला लागा. पण आबाच चालायचं नाव घेत नाहीत. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलाला त्यांनी दोनदा दारातून परत पाठवलं. माझे सासरे कसे आहेत ते तू बघितलंयस. पंचाहत्तरी झाली तरी रोज सकाळी शेवंतीवर बसून मळ्याला फेरी मारणारा माणूस. सासूबाई गेल्यावर तर सगळा जीव त्या घोडीतच. आता ते भिंतीकडे तोंड करून पडून असतात आणि घोडी दावणीला उभी राहून चिडकी होत चालली आहे. खरारा करायला गेलं की कान मागे टाकते, तोंडातला कडबा खाली पाडते.

आमच्या नवरोबांचं, विश्वजितचं म्हणणं, विकून टाकू. कबनूरचा एक वरातवाला बघूनही गेला. नवरदेव बसवायला आणि बँडपुढे नाचवायला त्याला अशीच उंच, तांबडी, देखणी घोडी हवी आहे. हे आबांच्या कानावर घातलं तर ते काहीच बोलले नाहीत. आक्का, चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांचं ते गप्प राहणं मला बघवेना, आणि माझ्याच तोंडून निघून गेलं की घोडी विकायची नाही, मी शिकते बसायला.

विश्वजित पोट धरून हसला. म्हणाला, चौकात गर्दी दिसली की स्कूटीवरून उतरून ती ढकलत नेणारी बाई तू, घोड्यावर काय बसणार! पण मी हट्टाला पेटले आहे. आता चाळिशी उलटलेल्या बाईला घोड्यावर बसायला कोण शिकवतं, हे शोधायचं. तू जन्मभर शिकवलंस. चांगला शिक्षक बाहेरून कसा ओळखायचा, तेवढं कळव.

दाजींना नमस्कार. राग आणि माया, दोन्ही आहे तशी चालू ठेव.
तुझी,
अनुजा


गारगोटी
२६ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. अनुजास,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दाजींना वाचून दाखवलं. ते इतके हसले की बशीतला चहा धोतरावर गेला. मला हसू आलं नाही. मला आठवली ती परकरातली अनी, गोठ्यातल्या रेडकाने नाक पुढं केलं तर वैरणीच्या ढिगावर चढून बसणारी आणि मी नेल्याशिवाय खाली न उतरणारी. आता मी कुठवर पुरणार? पण तू एकदा म्हणालीस म्हणजे ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकायची नाहीस. तेव्हा विचारलंयस ते सांगते.

शिक्षकाचं शिक्षण विचार, अनुभव विचार, त्यात लाजू नको. पण पैसे द्यायच्या आधी त्याचा एक तास लांब उभं राहून बघ. हुशार पोरांकडं बघू नकोस, ती कुणाच्याही हाताखाली शिकतात. कच्चं पोर शोध. त्याला जमत नाही तेव्हा शिक्षक काय करतो, ते बघ. तेच वाक्य दुसऱ्यांदा नुसतं मोठ्याने म्हणत असेल, तर चप्पल घालून घरी ये. वाट बदलून पुन्हा सांगत असेल, तर तिथं थांब.

आणि एक विसरू नको. तुला एक नव्हे, दोन विद्यार्थिनींसाठी शिक्षक शोधायचा आहे. त्यातली एक मला पत्र लिहून तक्रार करू शकते. दुसरीला तीही सोय नाही.

इकडं भात मळून घरात आलं. तुझ्यासाठी आजऱ्याच्या घनसाळचे तांदूळ बाजूला ठेवलेत, पण हातीपायी धड राहिलीस तरच मिळतील. आबांना माझा नमस्कार सांग, ते तोंड भिंतीकडं करून असले तरी सांग.

जपून राहावं, हेच मागणं.
आक्का


वडणगे, कोल्हापूर
२८ डिसेंबर २०२४

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं असतं तर हे पत्र वेगळं झालं असतं. आधी घाबरू नकोस: डावं मनगट मोडलंय, उजवं शाबूत आहे, म्हणून तर लिहितेय. दात मात्र सध्या काढता येत नाहीत.

गावाबाहेर एक घोडेस्वारीचा क्लब आहे. तिथले कोच ऋतुराज. भिंतभर पदकं, चकचकीत बूट, घोड्यावर बसले की चित्रासारखे दिसतात. मी तास बघायला थांबलेच नाही, पदकं बघूनच नाव घातलं. शेवंतीला टेम्पोने तिकडे नेलं. पहिल्या दिवसापासून ती डोकं झटकायची. ऋतुराज म्हणाले, घोडी माजली आहे, आणि त्यांनी लगामाची तोंडातली कडी बदलून अधिक कडक घातली. मला म्हणाले लगाम आखडून धर. मी धरला. तिने आणखी झटकलं. ते ओरडले, आखडून धर. मी आणखी आखडला. तुझं ते वाक्य, दुसऱ्यांदा नुसतं मोठ्याने म्हणण्याबद्दलचं, मला तेव्हा घोडीवर बसल्या बसल्या आठवलं. पण चप्पल घालून घरी यायची वेळ टळली होती. शेवंती मागच्या दोन पायांवर सरळ उभी राहिली आणि मी खाली.

माणूस वाईट नाही तो. स्वतःच्या गाडीतून मला दवाखान्यात घेऊन गेला, विश्वजित येईपर्यंत थांबला. पण वाटेत समजावत राहिला की घोडी बाद आहे, तिला काढून टाका, शिकलेला घोडा मी बघून देतो.

त्यानंतर पन्हाळ्याच्या वाटेवरचे, घोड्यांत आयुष्य घालवलेले एक निवृत्त गृहस्थ मळ्यात येऊन गेले. त्यांनी लगाम घातलाच नाही, नुसत्या मोरकीवर, नाकावरून बांधलेल्या दोरीवर, शेवंतीला फिरवलं, आणि ती शहाण्या पोरीसारखी फिरली. मला इतका आनंद झाला! पण मी जवळ गेले की ते हात वर करून म्हणायचे, बाईसाहेब, तुम्ही लांबच ऱ्हावा, मी हाय न्हवं. शेवंतीला ते चालले असते. मला शिकवायचं मात्र त्यांच्या मनातच नव्हतं.

विश्वजितने कबनूरच्या माणसाला संक्रांतीनंतर बोलावलंय. तो रागाने नाही बोलत, आक्का. हात जोडून म्हणाला की तुझी मान मोडली असती तर मी काय करायचं होतं. आणि आता मलाच भीती वाटते. गोठ्याच्या दारात गेले की प्लास्टरमधला हात घामेजतो आणि पाय पुढे पडत नाही. रेडकाला भिणारी अनी परत आली बघ.

तुझ्या मायेची आज जरा जास्तच गरज आहे.
अनुजा


गारगोटी
३ जानेवारी २०२५

चि. अनुजास,
अनेक आशीर्वाद. हाड लवकर सांधो.

हे पत्र मी तपासलेलं नाही, परत पाठवणारही नाही.

भीती समजावून जात नाही, बाळ. माझे कान गेले तेव्हा मी बाजाराला जायची बंद झाले. भाव ऐकू येईना, लोक हसतील असं वाटायचं. घरातले सगळे म्हणायचे, नका जाऊ, आम्ही आणतो. त्या मायेने मी आणखीच घरात बसले. मग भाजीवाली झुंबरबाई एक दिवस दारात आली आणि मनगट धरून मला पेठेत घेऊन गेली. ती भाव बोटांनी दाखवायला लागली, मी बोटांनीच घासाघीस करायला लागले. भीती कुठं गेली नाही, पण हाताला काम लागल्यावर तिच्याकडं बघायला मला सवड उरली नाही. तुझ्या हाताला तिथं कोणतं काम आहे, ते शोध.

घोडी विकायची तर विका. पण तुला भीती वाटते म्हणून नको. आणि द्यायचीच झाली तर आधी जनावराच्या डॉक्टरला दाखवून द्या. कडबा तोंडातून पाडते असं तूच लिहिलं होतंस. दुखणं घेऊन लेक सासरी धाडत नाहीत.

डिंकाचे लाडू पाठवते आहे. त्यातले विश्वजितलाही दे, तो बरोबर घाबरला.

तुझीच,
आक्का


वडणगे, कोल्हापूर
१० फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आज पाय जमिनीवर नाहीत, आणि हे घोड्यावर न बसता. नीट सगळं सांगते.

तुझं ते लेक सासरी धाडायचं वाक्य विश्वजितला वाचून दाखवलं. त्याने लगेच जनावरांच्या डॉक्टरला फोन केला, आणि आली एक तिशीच्या आतली मुलगी, ओढणी कमरेला खोचलेली, पायात गमबूट. डॉ. मदिहा. हुपरीची. वडील लालासाब चांदीची पैंजणं घडवतात. कॉलेजात असताना एन.सी.सी.च्या घोडेस्वारांत होती, पुढे काही वर्षं एका फार्मवर पोरांना बसायलाही शिकवलं, हे मागाहून कळलं. आल्या आल्या तिने शेवंतीला हात लावला नाही. दावं सोडून तिला मोकळ्या रानात जाऊ दिलं आणि बांधावर बसून नुसती बघत राहिली. मग तिने मला विचारलं की तुम्ही हिच्यापासून एवढ्या लांब का उभ्या आहात.

मी सगळं सांगितलं. पडल्याचं, घामाचं. ती हसली नाही आणि मला धीरही देत बसली नाही. मी काय काम करते ते विचारलं. दातांची डॉक्टर म्हटल्यावर मात्र तिचा चेहरा उजळला, आणि हातात बॅटरी देऊन म्हणाली, मग लांब का, या की, हे तर तुमचंच काम हाय.

तिने गुंगीचं औषध दिलं, विश्वजितने डोकं धरलं, आणि मी उजव्या हाताने उजेड पाडला. आक्का, वरच्या दाढांच्या पुढे, शेंगदाण्याएवढा एक दात, अर्धा हिरडीत रुतलेला. भोवतीची हिरडी सुजून लाल. काही घोड्यांना असा बिनकामाचा दात येतो, म्हणे. लगाम ओढला की नेमका त्यावर दाब. म्हणजे मी जितका लगाम आखडत होते तितकी ती कळवळत होती, आणि आम्ही सगळे तिला माजलेली म्हणत होतो. आणि मी? लोकांच्या तोंडात डोकावण्यात निम्मं आयुष्य गेलं, घरच्या घोडीचं तोंड काही उघडून बघितलं नाही!

दात मदिहाने काढला. तो बाहेर आला तेव्हा माझ्या ध्यानात आलं की माझा प्लास्टरमधला हात कोरडाच आहे. हिरडी दुखत असली की माणसाच्या डोळ्यात जे येतं तेच तिच्या डोळ्यात होतं, आणि ते मला ओळखीचं होतं. गुंगी उतरेपर्यंत मी तिच्या मानेवर हात ठेवून उभी होते. किती वेळ, कुणास ठाऊक.

दात आबांना नेऊन दाखवला. त्यांनी बोटांत धरून फिरवून बघितला आणि कुठल्या बाजूचा ते विचारलं. उजव्या म्हटल्यावर हळूच म्हणाले, उजवीकडं वळताना वाकडं तोंड करायची, मी हट्टी म्हणायचो की तिला. नंतर त्यांनी खाट खिडकीकडे सरकवून घेतली. भिंतीकडचं तोंड रानाकडे झालं.

कबनूरचा माणूस ठरल्याप्रमाणे आला. विश्वजितने त्याला तिळगूळ दिला, चहा दिला आणि सांगितलं, पावणं, रागावू नका, घोडी आता द्यायची न्हाय. तो भला माणूस, हसत गेला.

मग मी मदिहाला विचारलं की मला शिकवशील का. तिने उलट विचारलं की तुम्हाला कशासाठी शिकायचंय. हे मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. आबांसाठी, घोडीसाठी, असं म्हणता म्हणता माझ्या तोंडून भलतंच निघालं. म्हटलं, बाबांच्या सायकलच्या कॅरिअरवर, विश्वजितच्या गाडीवर, सगळीकडे मी मागंच बसत आले, आणि स्कूटी तर निम्मी वाट ढकलतच नेली. एकदा पुढं बसून बघायचंय. ती म्हणाली, एवढं कारण पुरेसं हाय. पण तिने आधीच स्पष्ट सांगितलं: उड्या आणि शर्यती मला शिकवता येत न्हाईत, त्यासाठी दुसरं कुणी बघावं लागेल. दोघींना एकत्र शिकवीन, एकीला सोडून दुसरीला न्हाय. आणि माझं शिकवणं पटलं न्हाय तर तोंडावर सांगायचं, मी रुसणार न्हाय. मी तुझं ऐकून आधी हुपरीजवळच्या एका मळ्यात तिला एका भित्र्या पोराला शिकवताना बघून आले. मग हो म्हटलं.

तुझ्या एका वाक्याने घोडी घरात राहिली. आभार मानले तर तू लाल पेन घेशील, म्हणून मानत नाही.
अनुजा


वडणगे, कोल्हापूर
२० एप्रिल २०२५

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

थोडक्यात लिहिते, दवाखान्यात आता गर्दी आहे. मी बसले! नुसती बसलेच नाही, दुडकी चालसुद्धा चालवली.

पहिला महिनाभर मदिहाने मला घोडीवर चढूच दिलं नाही. शेजारून चालायचं, मी थांबले की ती थांबली पाहिजे, मी श्वास सोडला की तिने मान खाली घातली पाहिजे. मला वाटलं, ही काय शिकवणी! मग एक दिवस मी विचारात पडून थांबले आणि शेवंती माझ्याआधी थांबलेली होती. खोगीरही मदिहाने बदलायला लावलं, जुनं शेवंतीच्या पाठीला टोचत होतं. लगामाऐवजी सध्या मोरकीच.

बसल्यावर मी लाकडासारखी ताठ व्हायचे. मदिहाने आकडे मोजायला सांगितले, जमलं नाही. गुणगुणायला सांगितलं, तेही नाही. मग तिने विचारलं की पेशंटच्या दाढेचं नाजूक काम करताना तुम्ही कशा बसता. मी म्हटलं खांदे खाली, कोपरं अंगालगत, मनगट मोकळं. ती म्हणाली, मग तशाच बसा. आणि आक्का, शेवंती लोण्यासारखी चालायला लागली. वाट बदलून सांगणारी बाई मिळाली बघ मला. वयाने माझ्या निम्मी वाटते, पण मी तिला आता बाईच म्हणते, आणि ती लाजते.

आबांना विश्वजित रोज खुर्चीसकट उचलून जांभळाखाली आणून बसवतो. ते बघत असतात. चालत मात्र नाहीत. वॉकर कोपऱ्यात धूळ खातो. तेवढी एक रुखरुख सोडली तर देवाने सगळं दिलं.

आखितीच्या सणाला तू आणि दाजी येताच आहात. माझा तास बघूनच जायचं.
वाट बघते.
अनुजा


गारगोटी
५ मे २०२५

चि. सौ. अनुजास,
आक्काचे आणि दाजींचे अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. एसटीत जागा मिळाली, आंबे दबले नाहीत. तुझ्या हातच्या आमरसाची दाजी अजून आठवण काढतात.

तुझा तास बघितला. मला तुमच्यातला एक शब्द ऐकू आला नाही, आणि तरी सगळा तास समजला. मी पुष्कळ शाळातपासण्या बघितल्या आहेत, पण असा तास क्वचित बघितला. ती मुलगी हात वर करायची, तुझे खांदे खाली यायचे, आणि तुझे खांदे खाली आले की घोडीचे कान सैल व्हायचे. मी दाजींना म्हटलं, ती बघा आपली अनी. आईने हे बघायला हवं होतं.

आता मुद्द्याचं. हे मी तुला सांगणार नाही असा शब्द आबांना दिला होता. पण मला ऐकू येत नाही, तेव्हा मी कसला शब्द दिला ते मला नेमकं कसं कळणार? म्हणून लिहिते.

तुझ्या बाईंनी तुला रानाच्या पलीकडच्या टोकाला, आमच्याकडं पाठ करून घोडीसकट उभं केलं होतं, आठवतं? नुसता श्वास सोडत राहा म्हणाल्या, आणि तू नंतर तक्रार केलीस की बाई मला तिथं विसरल्याच. विसरली नव्हती ती. तू दुडकीने तिकडं गेलीस तेव्हा आबा खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठायला लागले, ते बघूनच तिने तुला तिथं थांबवलं. मी वॉकर आणायला धावणार, तर तिने हाताने मला जागच्या जागी थांबवलं. ती स्वतःही धावली नाही. फक्त त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, हातभर अंतर ठेवून, जशी शेवंतीच्या शेजारी उभी राहते तशी. त्यांनी एक पाय टाकला. थांबले. तीही थांबली. मग दुसरा. दाजींनी डोळ्याला रुमाल लावला, मी नाही लावला, मला बघायचं होतं. असे ते कुंपणापर्यंत गेले आणि बांबू धरून तुझ्याकडं बघत उभे राहिले. आपल्या सुनेकडं आणि आपल्या घोडीकडं.

मग ते त्या पोरीकडं वळून काहीतरी बोलले. ओठ वाचता येतात मला, पण त्यांच्या मिशा आड आल्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मात्र दिसलं. मी तिला फोनवर लिहून दाखवायला लावलं. तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं. आबा म्हणाले होते, पोरी, माझंबी नाव घाल की वर्गात.

तेव्हापासून तू दवाखान्यात असतेस त्या वेळी ती येते आणि त्यांना चालवते. विश्वजितलाही ठाऊक आहे. तू घोडीवर असताना आबांना चालत तुझ्या पायातल्या रिकिबीपाशी येऊन उभं राहायचंय, आणि त्याआधी तुला कळू द्यायचं नाहीये. एवढी गोड गोष्ट पोटात घेऊन मी गारगोटीपर्यंत आले, त्यापुढं नेववेना.

मदिहाला मी वेगळं पत्र घातलं आहे. त्यात उपदेश नाही, नुसते आभार आहेत. तिच्या घरच्यांनाही माझा नमस्कार सांग. अशी लेक घडवायला हात सोन्याचे लागतात.

ते रिकिबीपाशी येतील त्या दिवशी आश्चर्य वाटल्यासारखं तोंड कर. तेवढं नाटक तुला जमेल.

तुम्हा सगळ्यांवर जीव आहे तो असाच वाढो.
आक्का